रोडग्यांचं पीठ

धम्मशीलाने गव्हाचा शेवटचा डबा चक्कीच्या तोंडात उपडा केला आणि खालच्या कापडी नळीला हात लावून पाहिला. पीठ गरम येत होतं. तिच्या आईने, जनकाबाईने, चिमटीत थोडं पीठ घेऊन चोळलं, मान हलवली आणि वरचं चाक अर्धा फेरा सैल केलं.

"रोडग्याले जाडं लागते," ती चक्कीच्या आवाजावर ओरडून म्हणाली. "बारीक झालं तं रोडगा चिकट होते. तोंडात गोळा होते नुसता."

"जाडंच पायजे मले, माय."

जनकाबाई आज इस्त्रीचं पातळ नेसून आली होती. पीठ उडू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधला होता, तोही धुतलेला. रात्रीच तिने चक्कीची खोली झाडली होती आणि सकाळी आल्या आल्या पुन्हा झाडली. पंचायतीच्या या चक्कीवर पोत्यांनी दळण कधी आलंच नव्हतं. यायचे ते बौद्धवाड्यातले डबे, पायली-दोन पायलीचे.

"सारं गाव जेवन?"

"सारं गाव."

"माह्या चक्कीचं?"

"तुह्याच."

जनकाबाई हसली. मग तिने बटण दाबून चक्की थांबवली. पट्टा फडफडत थांबला.

"पण तू सांगजो नको कोनाले," ती म्हणाली. "खाऊ दे त्यायले. एक डाव पोटात गेलं की झालं."

 धम्मशीला पोत्याचं तोंड बांधत होती. सुतळी तिने इतक्या जोरात ओढली की तुटली. दुसरी शोधायला ती उठली, तेव्हा आईकडे पाहायचं तिने टाळलं.

ही चक्की पंचायतीची म्हणायची, पण आणली होती पुण्याच्या डॉ. उपेंद्र सामंतांनी. माणूस कर का भरतो आणि का बुडवतो, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. तीन वर्षांपूर्वी ते मोताळा तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा निम्म्याहून अधिक घरपट्टी थकलेली होती. धम्मशीला बुलढाण्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवत होती. गाव तिचंच, म्हणून सरांनी तिला कामात घेतलं. पहिल्या वर्षी योजना अशी ठेवली की घरपट्टी पूर्ण भरणाऱ्याला वर्षभर दळण मोफत. चक्की आली, पण ती चालवायला गावातलं कुणी पुढे येईना. जनकाबाई आली. बौद्धवाड्यातली घरपट्टी दोन महिन्यांत झाडून भरली गेली. गावठाणातली जागची हलली नाही. मग दुसऱ्या वर्षी सरांनी घरोघर एक चिठ्ठी वाटली. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुमच्या गावातली कितीतरी जास्त घरं कर भरतात, एवढाच मजकूर. आणि गावठाण भरू लागलं.

निष्कर्ष मोठा देखणा निघाला. माणूस फुकटच्या पिठाला भुलत नाही, पण शेजारी भरतो असा विश्वास त्याला वाटला की तोही भरतो. या शोधनिबंधाला दिल्लीच्या एका संस्थेने वर्षातल्या उत्कृष्ट निबंधाचा पुरस्कार दिला. लेखक दोन होते, सामंत आणि धम्मशीला.

फुकटच्या पिठाला भुलत नाही म्हणे! रेशनच्या फुकट गव्हासाठी जे गावठाण तांबडं फुटायच्या आत पिशव्या घेऊन उभं राहतं, तेच गावठाण तो गहू जीवन नावाच्या एकाच्या खासगी चक्कीवर पैसे मोजून दळून आणतं. त्यात सरांना नीतिमत्ता दिसली. पंचायतीची चक्की जीवनच्या चक्कीपेक्षा जवळ होती. पण कुणालाही विचारा, कारण तयार असायचं. तिथलं दळण जाडं येते. दुपारी तिथं लाइन राहत नाही. आमच्या घरच्यायले जीवनच्याच पिठाची सवय हाय. खरं कारण तीन वर्षांत एकाही तोंडातून बाहेर पडलं नव्हतं, आणि ते ठाऊक नसलेलं एकही तोंड गावात नव्हतं.

धम्मशीलाने ते सरांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. बुलढाण्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात ते चहा पीत बसले होते.

"कुणी तसं बोललं का तुझ्याजवळ?" सरांनी विचारलं.

"बोलणार नाहीत सर. पण आई चक्कीवर बसते, म्हणून येत नाहीत."

"बोललं नाही, म्हणजे ते तुझं मत झालं." सरांचा आवाज मऊ होता, समजावणीचा. "मला तुझी भावना कळते. पण आपण पुराव्यावर लिहितो. आणि सगळ्याच गोष्टींना जात चिकटवली की बाकीचं काही दिसेनासं होतं."

तिने लिहिलेला परिच्छेद त्यांनी काढला. त्याच्या जागी एक ओळ उरली. काही कुटुंबांनी पिठाच्या दर्जाबद्दल नाराजी व्यक्त केली. देशभरातल्या विद्वानांनी वाखाणलेल्या त्या निबंधात तिची आई एवढीच होती, पिठाचा दर्जा. छापील पानावर ती ओळ वाचली तेव्हा धम्मशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खाली तिचं नाव होतं. मूग गिळून बसण्याबद्दल ती गावाला बोल लावत होती आणि स्वतःही तेच करत होती.

आता सर पुरस्कार घेऊन गावात येत होते. हा मान गावाचाही आहे, सत्कार आणि जेवण गावातच व्हायला हवं, खर्च प्रकल्पातून करू, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आणि शेवटी सहज म्हणाले होते, "पुण्याच्या नव्या प्रकल्पासाठी तुझं नाव दिलंय. पूर्ण वेळ, चांगला पगार. हा कार्यक्रम पार पडला की पत्र निघेल."

तासिकांवर तिने सहा वर्षं काढली होती. मानधन कधी दिवाळीला यायचं, कधी होळीला. ते पत्र तिला हवं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. तिने होकार दिला, आणि जेवणाची व्यवस्था मी बघते म्हणाली.

शाळेच्या मागे शालिग्राम आचाऱ्याने गोवऱ्यांचा जाळ केला होता. गावठाणातलं एकही लग्न त्याच्याशिवाय होत नाही. धम्मशीलाने मुद्दाम त्यालाच बोलावलं होतं. भाजी त्याची, वरण त्याचं, भांडी त्याची, वाढायला गावातलीच पोरं. फक्त पीठ वेगळं. आणि जेवणात रोडगे मुद्दाम ठेवले होते, कारण रोडग्याला पीठ जाडंच लागतं. दळण जाडं आहे म्हणायची सोय तिने ठेवली नव्हती.

शालिग्रामने पोतं सोडलं आणि पिठात हात घातला.

"पीठ झकास हाय. कुठलं?"

"माह्या मायच्या चक्कीचं."

शालिग्रामचा हात पिठातच थांबला. त्याने मांडवाकडे पाहिलं, मग परातीत तेलाचं मोहन ओतलं आणि मळायला सुरुवात केली.

"पीठ काही बोलत नाही, बाई. तू बी बोलू नको."

"आन् बोलली तं?"

"तं मले माहीत नव्हतं." त्याने घामेजलेलं कपाळ दंडाला पुसलं. "माह्या लग्नसराईच्या ऑर्डरी हाय. तसं सांगजो मंग."

दुपारी मांडव भरला. सरपंच मंजुळाबाई मधल्या खुर्चीत बसल्या होत्या, शेजारी सर. बौद्धवाड्यातल्या बाया मागच्या कडेला सतरंजीवर बसल्या, त्यांत जनकाबाई होती. डोक्यावरचा रुमाल तिने काढला होता, पण भुवयांवर पीठ राहिलं होतं. शाल, श्रीफळ, हार, सगळं यथासांग झालं. सरांनी बोलताना पुरस्काराची ढाल उंच धरली.

"या गावाने मला एक गोष्ट शिकवली," ते म्हणाले. "माणसाला विकत घेता येत नाही. त्याला फक्त विश्वास द्यावा लागतो. तुम्ही एकमेकांवर विश्वास ठेवलात. आज देशभरात तुमचं उदाहरण दिलं जातं."

टाळ्या झाल्या. मंजुळाबाईंनी पदर सारखा करून ढाल हातात घेतली. धम्मशीलालाही शाल पांघरली. शाल चांगल्या प्रतीची होती. उन्हात तिच्यात जीव घुसमटला.

आभार तिच्याकडे होते. तिने सगळ्यांचे मानले, मांडव घालणाऱ्यापासून वीजवाल्यापर्यंत. आईचं सांगणं तिच्या लक्षात होतं. पत्रही लक्षात होतं. सर तिच्याकडे पाहून कौतुकाने हसत होते, आणि ते हसू पाहून तिचं उरलंसुरलं भान सुटलं.

"एक आभार राहिले," ती म्हणाली. "आज रोडग्यांचं जेवण आहे. त्याचं पीठ आपल्या पंचायतीच्या चक्कीवर दळलं आहे. जनकाबाईंनी सकाळी स्वतः दळलं. शालिग्रामभाऊंना याची कल्पना नव्हती. सगळ्यांनी जेवूनच जावं, ही विनंती."

सरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. सतरंजीवरच्या एकदोघींनी हात उचलले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा मांडीवर ठेवले. बाकी मांडवात कुणीतरी खोकलं. एवढंच.

पंगत मात्र बसली. कुणी उठून गेलं नाही. गाव इतकं कच्चं नव्हतं. धम्मशीला भाताच्या भांड्याजवळ उभी राहिली, तिथून दोन्ही ओळी दिसत होत्या. रोडगे वाढले गेले, गोवऱ्यांच्या धगीवर खरपूस भाजलेले, फोडून वर तूप घातलेले. वांग्याची भाजी आली, वरण आलं. आणि लोक जेवायला लागले.

मंजुळाबाईंनी आपला रोडगा बोटाने पत्रावळीच्या कडेला सरकवला. त्यावर थोडं तूप ओघळलं, तर त्यांनी भाजीही जरा अलीकडे ओढून घेतली.

"भात आन रे इकडं," त्या वाढणाऱ्याला म्हणाल्या.

"रोडगा घ्या ना, बाई."

"दात दुखून राह्यले माह्ये. कडक चावत नाही."

पलीकडच्या म्हाताऱ्याला डॉक्टरांनी गहू बंद केला होता. त्याच्या शेजारच्याला सकाळपासून आंबट ढेकर येत होते. एका बाईचा गुरुवार होता, तिने भातही घेतला आणि भाजीही, फक्त रोडगा तिच्या गुरुवारात बसत नव्हता. भाताचं पहिलं भांडं रिकामं झालं, शालिग्रामने न बोलता दुसरं चढवलं. रोडग्यांच्या जेवणात रोडगे तेवढे जागच्या जागी राहिले, थंड होत, तूप थिजवत.

धम्मशीलाला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, तिच्या छातीत आनंदाचा जाळ उठला. तीन वर्षं ज्याला मत म्हणून हिणवलं ते आता सगळ्यांसमोर पत्रावळ्यांवर पडलं होतं. ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. डावीकडची ओळ झाली, ती उजवीकडची मोजायला वळली, तर समोर आई उभी होती.

"सांगू नको म्हटलं होतं तुले," जनकाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

"मंग खोटंच चालू द्यायचं होतं का, माय?"

"खोटं काय होतं त्याच्यात? जेवले असते आज. एक डाव जेवले असते." जनकाबाईने पंगतीकडे पाहिलं नाही. "हे मले माहीत होतं. तुले माहीत होतं. त्यायले तं माहीतच होतं. मंग दाखवलं कोनाले तू?"

धम्मशीलाची नजर पाहुण्यांच्या टेबलाकडे गेली. जनकाबाईनेही तिकडे पाहिलं. सर दुसरा रोडगा फोडत होते.

"त्याच्यासाठी?" जनकाबाई म्हणाली. "त्या एका मानसासाठी माह्यं पीठ असं पत्रावळीवर टाकलं तू? मी सकाळपासून गाणं म्हणून राह्यली होती चक्कीवर."

"माय, म्या..."

"आन् हे मोजून काय राह्यली? उभी राहून?"

ती मांडवाच्या मागच्या बाजूने निघून गेली. सतरंजीवरच्या बायाही एकेक करून उठल्या. त्यांची पंगत अजून बसायची होती.

"धम्मशीला!" सरांनी हात वर करून बोलावलं. ती गेली.

"अगं, कुणीच रोडगा खात नाहीये. का? इतका सुरेख झालाय."

"तुम्हीच बघा सर."

सरांनी पाहिलं. आधी जवळच्या पत्रावळ्यांकडे, मग लांबच्या. मग रिकाम्या सतरंजीकडे. त्यांचा घास तोंडातच राहिला. या क्षणाची तिने तीन वर्षं वाट पाहिली होती. या माणसाची मान खाली जाईल, तो आईकडे जाईल, निदान एक शब्द बोलेल. त्या एका शब्दासाठी तिने आज पुण्याचं पत्र पणाला लावलं होतं, आणि आईलाही.

सरांचे डोळे चमकले.

"तू हे मुद्दाम केलंस."

"हो."

"पहिल्याच वर्षी म्हणाली होतीस तू. मी ऐकलं नाही, चूक माझी." ते खुर्चीत पुढे सरकले. "पण काय रचना आहे ही! आचारी तोच, भाजी तीच, वाढणारे तेच, बदललं फक्त पीठ. आणि तेही आधी जाहीर करून! धम्मशीला, पुरस्कार मिळालेला निबंध विसर. खरा निबंध हा आहे. यात तुझं नाव पहिलं."

तिची नजर रिकाम्या सतरंजीकडे गेली.

"तू पुण्याला रुजू हो, पत्र मी याच आठवड्यात काढतो. हे आपण आणखी चार गावांत करू. चार चक्क्या, चार बायका. काही ठिकाणी जाहीर करायचं, काही ठिकाणी नाही." डाव्या हाताने त्यांनी खिशातून फोन काढला आणि शेजारच्या पत्रावळीचा फोटो घेतला. मग पुढच्या. उजव्या हातात रोडग्याचा तुकडा होता, त्यावरून तूप मनगटापर्यंत आलं होतं. "किती जणांनी तसाच ठेवला? मोजलंस ना तू? मला ठाऊक आहे, तू मोजलं असणार."

तिने मोजलं होतं, डावीकडची ओळ तरी. आकडा अगदी जिभेवर होता, आणि तो तिथे आहे याचीच तिला शिसारी आली. तिने वाकून सरांच्या पुढ्यातलं ताट उचललं. वरण हिंदकळून टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर सांडलं.

"अगं, अगं! जेवतोय मी अजून."

सरांशी ती आजवर कधी घरच्या बोलीत बोलली नव्हती.

"जेवून नाही राह्यले तुमी," ती म्हणाली. "मोजून राह्यले."

जवळच्या पंगतीतल्या माना वळल्या. मंजुळाबाईंचा भाताचा घास हातातच राहिला. सरांनी आपल्या तुपकट बोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि ती गंमत करत असावी अशा थाटात थोडं हसले. ती ताट घेऊन तशीच उभी होती. शेवटी त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि रुमाल काढला.

तिने शाल त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि ताट घेऊन, आई गेली होती त्या वाटेने ती निघाली. आकडा तिने सांगितला नाही. नंतर त्यासाठी त्यांचे पुण्याहून फोन आले, तेव्हाही नाही.